आशीर्वाद देणाऱ्याचे शब्द

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची १८८४ ची निवडणूक जेम्स ब्लेन न्यूयॉर्क राज्यात हरले, आणि तीही अवघ्या १,१४९ मतांनी. त्या राज्यात अकरा लाखांहून अधिक लोकांनी मतदान केले होते. न्यूयॉर्कच्या वाट्याला इलेक्टोरल कॉलेजमधली ३६ मते होती. ती डेमोक्रॅटिक उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्याकडे गेली आणि निकाल २१९ विरुद्ध १८२ असा लागला. हीच ३६ मते ब्लेन यांना मिळाली असती तर २१८ विरुद्ध १८३ अशा फरकाने ते अध्यक्ष झाले असते. या पराभवाचे खापर आजवर एका वृद्ध पाद्र्याच्या माथी फोडले गेले आहे. मतदानाला सहा दिवस उरले असताना रेव्हरंड सॅम्युअल बर्चर्ड यांनी ब्लेन यांच्या स्वागताच्या भाषणात तीन शब्द उच्चारले आणि हातातोंडाशी आलेला घास गेला, अशी ही कथा आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. धर्मगुरूचे वादग्रस्त वाक्य उमेदवाराला नेमके कुठे आणि कसे भोवते, याचा तपास करायचा तर बोलणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्याकडे पाहावे लागते. माझे म्हणणे असे की उमेदवाराला विरोधी गोटातल्या धर्मगुरूपेक्षा आपल्या बाजूचा धर्मगुरू अधिक महागात पडतो, कारण त्याचा आशीर्वाद उमेदवाराने स्वतः मागितलेला असतो. आणि त्या वाक्यानंतर उमेदवार जितका वेळ गप्प राहतो, तितके ते वाक्य त्याचे स्वतःचे होत जाते.

हे पटण्यासाठी आधी ब्लेन कोण होते ते पाहिले पाहिजे. मेन राज्याचे हे नेते लोकप्रतिनिधींच्या सभागृहाचे सभापती आणि नंतर परराष्ट्रमंत्री झाले होते. वक्तृत्व दांडगे होते, पण रेल्वे कंपन्यांशी असलेल्या आर्थिक संबंधांचा डागही होता. त्यांच्याच रिपब्लिकन पक्षातला सुधारणावादी गट या कारणाने उघडपणे क्लीव्हलंड यांच्या बाजूला गेला होता. ही गळती कुठून तरी भरून काढणे भाग होते, आणि ती आयरिश कॅथलिक मतदारांतून भरून निघण्याची शक्यता खरोखरच दिसत होती. वास्तविक हे मतदार डेमोक्रॅटिक पक्षाचे हुकमी मतदार. परंतु ब्लेन यांची आई आयरिश वंशाची कॅथलिक होती, त्यांच्या नात्यातली एक बहीण कॅथलिक मठाची प्रमुख होती, आणि परराष्ट्र धोरणात ब्रिटनला डिवचण्याची एकही संधी ते सोडत नसत. आयर्लंडमधला दुष्काळ आणि जमीनदारी मागे टाकून आलेल्या लोकांना हा शेवटचा गुण फार मोलाचा वाटे. शिवाय न्यूयॉर्क शहरातल्या आयरिश राजकारणाचा अड्डा असलेल्या टॅमनी हॉलचे आणि क्लीव्हलंड यांचे गव्हर्नरपदाच्या काळापासून बिनसलेले होते. दुसरीकडे हेही खरे की १८७५ साली ब्लेन यांनीच धार्मिक शाळांना सरकारी पैसा देण्यास बंदी घालणारी घटनादुरुस्ती सुचवली होती आणि तिचा रोख कॅथलिक शाळांवर होता. म्हणजे आयरिश मतदाराला ब्लेन यांच्याकडे जाण्याची कारणे होती आणि शंका घेण्याचेही एक कारण होते. अशा दोलायमान अवस्थेतला मतदार प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात काय ऐकतो, याला फार महत्त्व असते.

बुधवार, २९ ऑक्टोबर १८८४ च्या सकाळी त्याने काय ऐकले? उमेदवाराने स्वतः गावोगाव फिरून मते मागणे त्या काळी फारसे शिष्टसंमत नव्हते. तो संकेत मोडून ब्लेन अनेक आठवडे राज्याराज्यांतून भाषणे करत फिरले होते आणि थकून न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यू हॉटेलात उतरले होते. त्यांना पाठिंबा जाहीर करायला प्रॉटेस्टंट पाद्र्यांचा मोठा मेळावा तिथे जमला. हा मेळावा आपोआप जमलेला नव्हता. चारित्र्याविषयीच्या आरोपांना उत्तर म्हणून धर्ममार्तंडांची साक्ष हवी, या हिशेबाने तो भरवला होता. ज्यांनी बोलायचे ठरले होते ते गृहस्थ येऊ शकले नाहीत, म्हणून बहात्तर वर्षांचे प्रेस्बिटेरियन पाद्री बर्चर्ड पुढे झाले. त्यांचे भाषण बहुतांशी नेहमीच्या स्वागताचे होते. आम्ही रिपब्लिकन आहोत, आमचा पक्ष सोडून ज्याची पूर्वपीठिका दारू, रोमची धर्मसत्ता आणि बंड हीच आहे अशा पक्षात जाण्याचा आमचा विचार नाही, आम्ही झेंड्याशी निष्ठावान आहोत आणि तुमच्याशीही, असे ते म्हणाले. इंग्रजीत ते तीन शब्द ‘रम, रोमनिझम अँड रिबेलियन’ असे होते. दारूचा टोला गुत्तेवाल्यांना, बंडाचा टोला १८६१ मध्ये फुटून निघालेल्या दक्षिणेला, आणि मधला शब्द थेट कॅथलिकांच्या श्रद्धेवर. ब्लेन उत्तराला उभे राहिले, पाद्रीमंडळींचे आभार मानले, पक्षाच्या धोरणावर बोलले आणि त्या तीन शब्दांना स्पर्शही न करता खाली बसले. उत्तराच्या भाषणाची मनात जुळवाजुळव चालली असल्याने ते शब्द त्यांच्या कानावरून गेले, असा खुलासा नंतर केला गेला. तो खरा असेलही. पण मेळाव्यातल्या सहकाऱ्यांपैकीही कोणी लगेच त्यांच्या कानाशी लागले नाही. यावरून मला वाटते की त्या खोलीत ते शब्द कोणाला खटकलेच नाहीत. ही बाब एखाद्या माणसाच्या दुर्लक्षापेक्षा गंभीर आहे.

विरोधकांना मात्र ते लगेच खटकले, किंवा खटकवून घेता आले. डेमोक्रॅटिक प्रचाराची सूत्रे सिनेटर आर्थर गॉर्मन यांच्या हाती होती. ब्लेन यांच्या मागावर त्यांनी लघुलेखक ठेवला होता. टिपण हाती येताच गॉर्मन यांनी आधी विचारले ते हे, की ब्लेन यांनी त्यावर काही उत्तर दिले का. नाही, असे कळताच रविवारपर्यंत हे वाक्य प्रत्येक शहराच्या भिंतीवर आणि प्रत्येक कॅथलिक माणसाच्या हातात गेले पाहिजे, असा हुकूम सुटला. या प्रसंगातला सगळ्यात शहाणपणाचा प्रश्न मी गॉर्मन यांचाच मानतो. ब्लेन यांनी तिथल्या तिथे “माझी आई कॅथलिक होती” एवढे म्हटले असते तर ती हस्तपत्रके छापण्यात अर्थ उरला नसता. रविवारी, २ नोव्हेंबरला, प्रार्थनेला आलेल्या कॅथलिकांच्या हातात चर्चच्या दारातच ती पडली. काही पत्रकांत तर ते शब्द खुद्द ब्लेन यांच्याच तोंडी घातलेले होते. ही सरळसरळ लबाडी होती, पण तीन दिवसांच्या मौनाने तिला जागा करून दिली होती. ब्लेन यांनी खुलासा केला तो शनिवारी, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन इथे. आईच्या धर्माविषयी एक अनादराचा शब्दही मी अध्यक्षपदासाठी काढणार नाही, अशा आशयाचे ते बोलले. शब्द चांगले होते, मनापासूनचेही असावेत. पण ते न्यूयॉर्कपर्यंत पोहोचून पत्रकाचा पाठलाग करण्याइतका वेळ आता उरला नव्हता. त्यात बुधवारीच रात्री ब्लेन डेल्मोनिको या महागड्या उपाहारगृहात जे गूल्ड आणि इतर धनाढ्यांबरोबर मेजवानीला बसले होते, आणि दुसऱ्या दिवशी पुलित्झर यांच्या ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्राने ती मेजवानी पहिल्या पानावर व्यंगचित्रातून रंगवली होती. गरीब आयरिश मजुराला एकाच आठवड्यात आपली श्रद्धा आणि आपली भाकर या दोन्हींचा अपमान झाल्यासारखा वाटला.

याच निवडणुकीत दुसरा एक पाद्री दुसऱ्या उमेदवारावर घसरला होता आणि त्याची तुलना फार बोधक आहे. बफेलो शहरातले बाप्टिस्ट पाद्री जॉर्ज बॉल यांनी जुलै महिन्यात क्लीव्हलंड यांच्या विवाहबाह्य संबंधाचे आणि त्यातून झालेल्या मुलाचे प्रकरण चव्हाट्यावर आणले. आरोप अत्यंत गंभीर होता आणि त्या काळाच्या नीतिकल्पनांत तो उमेदवारीचा शेवट करणारा ठरू शकला असता. आपल्या बफेलोच्या मित्रांना क्लीव्हलंड यांनी तारेने कळवले की काहीही करा, पण खरे सांगा. संबंध नाकारला गेला नाही आणि मुलाची आर्थिक जबाबदारी उचलल्याचे सांगण्यात आले. त्या स्त्रीच्या वाट्याला जे आले त्याचा हिशेब या प्रांजळपणाने मुळीच चुकता होत नाही. मात्र मतांच्या दृष्टीने पाहिले तर जुलैत फुटलेला बॉम्ब नोव्हेंबरपर्यंत विझला होता. बॉल हे उघड विरोधक होते. त्यांच्या बोलण्याची जबाबदारी क्लीव्हलंड यांच्यावर येत नव्हती, त्यांना उत्तर देता येत होते, आणि उत्तर द्यायला तीन महिने हाताशी होते. बर्चर्ड यांचे शब्द त्या मानाने कितीतरी किरकोळ होते आणि त्यांत ब्लेन यांच्यावर आरोपही नव्हता. उलट त्यांचे कौतुकच होते, आणि म्हणूनच ते ब्लेन यांच्या अंगाला चिकटले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप इतिहासकारांचा आहे आणि तो भक्कम आहे. अकरा लाखांत १,१४९ इतका फरक असेल तर कोणत्याही गोष्टीला निर्णायक म्हणता येते. दारूबंदीवाद्यांचे उमेदवार जॉन सेंट जॉन यांनी न्यूयॉर्कमध्ये जवळजवळ २५ हजार मते घेतली आणि त्यातली बहुसंख्य एरवी रिपब्लिकन पक्षाची होती. ब्लेन यांचे जुने वैरी रॉस्को कॉन्कलिंग यांच्या ओनायडा परगण्यात पक्षाची मते घसरली. मतदानाच्या दिवशी राज्याच्या ग्रामीण भागात पाऊस पडला. पुढे ब्लेन यांनीच एका पत्रात हवा स्वच्छ असती आणि डॉक्टर बर्चर्ड धर्मप्रसारासाठी आशियात कुठे गेलेले असते तर आपण दहा हजारांनी जिंकलो असतो, असे लिहिले, म्हणजे त्यांनीही पाऊस आणि पाद्री एकाच ओळीत बसवले. याहूनही पुढे जाऊन काही अभ्यासक म्हणतात की आयरिश वस्त्यांत ब्लेन यांना १८८० च्या रिपब्लिकन उमेदवारापेक्षा जास्तच मते पडली. मला हे सारे मान्य आहे. एकट्या बर्चर्ड यांनी निवडणूक हरवली, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. परंतु शेवटचा मुद्दा माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातो असे मला वाटत नाही. आयरिश मते ब्लेन यांच्याकडे सरकत होती, हेच त्यातून सिद्ध होते. वाक्याने झालेले नुकसान मागच्या निवडणुकीच्या आकड्याशी ताडून मोजता येत नाही. जी मते येऊ घातली होती आणि आली नाहीत, त्यांत ते दडलेले असते. आणि पावसाच्या किंवा कॉन्कलिंग यांच्या वैराच्या बाबतीत ब्लेन काही करू शकत नव्हते. या एका कारणावर इलाज त्यांच्या हातात होता आणि तो काही मिनिटांत होण्यासारखा होता. त्यामुळे अनेक कारणांतले एक असूनही या प्रसंगाचे वजन वेगळे ठरते.

दुसरा आक्षेप असा घेता येईल की विरोधी धर्मगुरूंनीही उमेदवार बुडवले आहेत. १९२८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने अल स्मिथ या कॅथलिक गृहस्थांना उभे केले, तेव्हा दक्षिणेतले मेथॉडिस्ट बिशप जेम्स कॅनन यांनी त्यांच्याविरुद्ध रान उठवले. व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, टेनेसी, फ्लोरिडा आणि टेक्सस ही राज्ये हर्बर्ट हूव्हर यांच्याकडे गेली. स्मिथ यांचा एकूण पराभव देशातली भरभराट आणि दारूबंदीला त्यांचा असलेला विरोध यांमुळेही झाला, पण दक्षिणेत धर्मद्वेषाचा हात होता हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीसुद्धा त्याच निवडणुकीत मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड ही कॅथलिक मजुरांची राज्ये स्मिथ यांच्याकडे आली. शत्रूच्या हल्ल्याने आपली माणसे एकवटतात. तो वार दुधारी असतो. १९६० साली हे अधिक ठळकपणे दिसले. ७ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये पाद्री नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्या पुढाकाराने सुमारे दीडशे प्रॉटेस्टंटांनी, कॅथलिक अध्यक्ष पोपच्या दबावापासून मुक्त राहू शकेल काय, असा प्रश्न उभा केला. कॅथलिक उमेदवार जॉन केनेडी पाचच दिवसांनी, १२ सप्टेंबरला, ह्यूस्टनच्या पाद्र्यांसमोर जाऊन उभे राहिले, त्यांचे प्रश्न घेतले आणि धर्मसंस्था व राज्यसंस्था यांच्यातले अंतर आपण कसे पाळू ते सांगितले. त्या भाषणाची फीत पुढे केनेडींच्याच प्रचाराने दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखवली. अडचणीत आले ते पील. काही वृत्तपत्रांनी त्यांचे सदर थांबवले, आणि त्यांच्याशी जुना घरोबा असलेले केनेडींचे प्रतिस्पर्धी रिचर्ड निक्सन यांना त्या वक्तव्याचा फायदा उघडपणे घेता येईना. शत्रूच्या वाक्याला अशी दोन्हीकडे धार असते. मित्राच्या वाक्याला एकच असते आणि ती आत वळलेली असते, कारण त्याने दुखावलेल्या लोकांची सहानुभूती उमेदवाराकडे येण्याचा काही मार्गच नसतो.

धर्मगुरूच्या शब्दाने मते वळण्याचा हा प्रश्न भारतात मतदाराच्या विवेकावर न सोपवता कायद्याने हाती घेतला. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार ईश्वरी कोपाची भीती घालणे हा अनुचित प्रभाव ठरतो, आणि धर्माच्या नावाने मते मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो, मग ते उमेदवाराने केलेले असो किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी. पंजाबातल्या १९५७ च्या एका विधानसभा निवडणुकीत नामधारी शीख पंथाच्या सद्गुरूंनी अनुयायांना काढलेल्या फर्मानामुळे विजयी उमेदवार राम दयाल यांची निवड रद्द झाली आणि १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली. न्यायालयाने तिथे आखलेली रेषा विचारात घेण्यासारखी आहे. अमुक उमेदवार चांगला, असे म्हणण्याचे स्वातंत्र्य धर्मगुरूलाही नागरिक म्हणून आहे. पण त्याच्या शब्दाने अनुयायापुढे दुसरा पर्यायच उरत नसेल, न ऐकल्यास देव कोपेल असे त्यातून ध्वनित होत असेल, तर ते मत न राहता दडपण होते. तरी कायद्याची कसोटी आणि मतदाराची कसोटी एक नाही. कायदा संमतीचा पुरावा मागतो. मतदार उमेदवाराच्या गप्प बसण्यालाच संमती धरतो आणि त्याविरुद्ध अपील नसते. बर्चर्ड यांच्या वाक्यात कोणावर दडपण नव्हते, त्यामुळे आपल्या कायद्यातल्या त्या पहिल्या कसोटीला ते लागलेही नसते. मते मात्र गेली असती.

आपल्याच बाजूचा धर्मगुरू किती महागात पडतो, याचा पुरेपूर अनुभव २००८ साली अध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या बराक ओबामा यांना आला. शिकागोच्या ट्रिनिटी युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टचे रेव्हरंड जेरेमाया राइट यांनी त्यांचे लग्न लावले होते, मुलींचा बाप्तिस्मा केला होता, आणि राइट यांच्याच एका प्रवचनातला शब्दप्रयोग ओबामांच्या पुस्तकाचे नाव झाला होता. नाते सुमारे वीस वर्षांचे होते. १३ मार्चला एबीसी न्यूजने राइट यांच्या जुन्या प्रवचनांतले तुकडे दाखवले. एकात अमेरिकेला शाप होता, दुसऱ्यात ११ सप्टेंबरचा हल्ला हे देशाच्याच कर्माचे फळ असल्याचा सूर होता. संपूर्ण प्रवचन ऐकले तर कृष्णवर्णीय चर्चच्या परंपरेतला, सत्तेला बायबलच्या भाषेत जाब विचारणारा धर्मोपदेशक त्यात दिसतो, आणि त्या परंपरेवर अन्याय झाला असे मी म्हणेन. पण प्रचारात तुकडेच फिरतात. १८८४ च्या पत्रकातही बर्चर्ड यांचे संपूर्ण भाषण छापलेले नव्हते. ओबामांनी दुसऱ्याच दिवशी लेखी निषेध केला आणि १८ मार्चला फिलाडेल्फियात वंशभेदावर ते प्रसिद्ध भाषण केले. त्यात त्यांनी राइट यांची विधाने नाकारली, परंतु माणूस नाकारला नाही. त्याला नाकारणे म्हणजे आपल्या समाजाला नाकारणे होईल, असे ते म्हणाले. धोका मोठा होता, पण वेळ साधली होती, आणि मोहीम सावरली. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाच्या जॉन मॅकेन यांनी टेक्ससचे पाद्री जॉन हेगी यांचा पाठिंबा फेब्रुवारीअखेर आनंदाने स्वीकारला, आणि हिटलरविषयीचे हेगी यांचे जुने प्रवचन उघड झाल्यावर २२ मे रोजी तो परत केला. त्याची झळ कमी बसली, कारण तो सौदा होता, घरचे नाते नव्हते, आणि सौदा मोडला तर कोणाला फारसे आश्चर्य वाटत नाही.

ओबामांची गोष्ट तिथे संपली नाही. २८ एप्रिलला राइट वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये उभे राहिले, जुन्या विधानांवर ठाम राहिले आणि ओबामा राजकारणी आहेत म्हणून तसे बोलतात, असे त्यांनी सुचवले. आता वाक्य जुने नव्हते आणि ते उमेदवाराच्या प्रामाणिकपणावरच घाव घालत होते. दुसऱ्याच दिवशी नॉर्थ कॅरोलिनात ओबामांनी संबंध तोडल्याचे जाहीर केले. ब्लेन यांना जिथे तीन दिवस लागले तिथे यांनी एक घेतला, आणि ६ मे रोजीच्या पक्षांतर्गत निवडणुकीत नॉर्थ कॅरोलिना मोठ्या फरकाने जिंकले. इंडियाना मात्र सुमारे १४ हजार मतांनी हातचे गेले. मग मेच्या शेवटच्या रविवारी त्याच चर्चच्या व्यासपीठावरून एका पाहुण्या कॅथलिक पाद्र्याने ओबामांच्या पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांची नक्कल करत टिंगल केली. मायकेल फ्लेगर हे त्यांचे नाव. ३१ मे रोजी ओबामा पतिपत्नींनी ट्रिनिटी चर्चचे सदस्यत्व सोडले. तिथे पाहुणा म्हणून येणाऱ्यासकट कोणीही काहीही बोलले तरी ते आता माझ्याच नावावर लागणार, आणि त्यात चर्चचेही हित नाही, असे कारण त्यांनी दिले.